बाबांचा ठिपका

बाबांची आठवण जाऊन ते घरातून निघून जायला लागले तेव्हा आम्ही आधी फाटकाला कुलूप लावून पाहिलं. मग ते फाटकाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "या लोकाईनं मले कोंडून ठेवलं." लोक म्हणजे कोण, तर मी आणि माझी बायको! यवतमाळच्या कचेरीत जन्मभर साहेब म्हणून वावरलेला माणूस गल्लीसमोर रडायला लागला, तेव्हा कुलूप काढावंच लागलं.

मग ती डबी आणली. काडेपेटीएवढी, आत सिमकार्ड. बाबा कुठं आहेत ते ती आमच्या मोबाइलच्या नकाशावर निळ्या ठिपक्यानं दाखवायची. खिशात ठेवली तर ते काढून कोणालाही देऊन टाकत, म्हणून बायकोनं कापडाची लहानशी पिशवी शिवली आणि मी ती त्यांच्या करदोड्याला बांधली. लहान पोराच्या कमरेला ताईत बांधावा तशी. बांधताना ते माझ्याकडे बघून हसत होते, आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

पण डबी सकाळी चार्ज करून बांधावी, तर दुपार व्हायच्या आत बंद. डबी विकणाऱ्या दुकानदाराकडे जाऊन चांगला तापलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, ही झोपून राह्यते. माणूस चालला की जागी होते, टॉवर शोधते, ठिकाण कळवते, पुन्हा झोपते. तसंच कोणी मोबाइलवर 'आता कुठे' दाबलं तरी उठते. तुमच्या डबीले कोणी झोपूच नाही देऊन राह्यलं."

आता कोण ते सांगायला ज्योतिषी नको होता. मीच मोठ्या हौसेनं घरच्या सगळ्यांच्या मोबाइलवर तो नकाशा दिला होता. फुलसावंगीची माझी मोठी बहीण कापूस वेचता वेचता दाबायची. पुण्याचा मुलगा ऑफिसातून दाबायचा. मुकुटबनच्या काकू, बाबांच्या धाकट्या भावाच्या पत्नी, तर शेजारणींना जमवून दाखवायच्या, "हे पाहा, आमचे भासरे आता पाण्याच्या टाकीपाशी आहेत." सगळ्यांची माया उतू चालली होती आणि त्या मायेनं डबीचा जीव जात होता.

मी ग्रुपवर खडसावून लिहिलं, की आजपासून कोणी दाबायचं नाही, विचारायचं तर मला विचारा. लगेच ताईचा फोन.

"मले माह्या बापाले पाह्याचीही चोरी झाली का रे?"

"ताई, तू पाह्यते म्हणूनच तो ठिपका बंद पडते."

"अन् नाही पाह्यलं तर इथं माहा जीव टांगणीले लागते, त्याचं काय?"

मी फोन ठेवून दिला.

एका बाजाराच्या दिवशी बाबा निघून गेले. ठिपका एसटी स्टँडकडे सरकताना दिसला. मी गाडी काढली. तेवढ्यात बायकोनं घाबरून ताईला कळवलं, ताईनं काकूंना, आणि सगळे मिळून लागले दाबायला. मी स्टँडवर पोचलो आणि ठिपका गेला. समोर लागलेल्या बसगाड्या, कोणती आर्णीची, कोणती वणीची, आणि हातात कोरा नकाशा. प्रत्येक बसमध्ये चढून "बाबा, बाबा" हाका मारत होतो. माझ्याच वयाचे लोक माझ्याकडे दयेनं बघत होते. शेवटी हात हलवत घरी परतलो, तर दिवस मावळताना एक ओळखीचा ऑटोवाला त्यांना घेऊन दारात आला. बाबांनी मला विचारलं, "तुम्ही काहून असे घामेघूम झाले?"

त्या दिवशी मी सगळ्यांवर इतका ओरडलो की घसा बसला. दुकानदाराकडून ते बटणच काढून टाकलं. आता बाबा चालले तरच डबी जागी व्हायची आणि संध्याकाळपर्यंत सहज टिकायची. माझंच खरं झालं म्हणून मी खूश होतो. मूर्ख!

त्यानंतर बाबा न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, या वयात ऑपरेशन झेपणार नाही. आता ते पलंगावर असतात, कूस बदलायलाही दोघं लागतात. डबी तेवढी कमरेला राहू दिली, काढली की चाचपडत शोधतात म्हणून. तिचं चार्जिंग आता संपता संपत नाही. उठायला तिला कारणच राहिलं नाही.

ताई येऊन त्यांच्या पायाशी बसून गेली. सगळं डोळ्यानं पाहून गेली. तरी घरी पोचल्यावर तिचा फोन आला.

"ठिपका तिथंच आहे रे. हलूनच नाही राह्यला."

"कसा हलंल, ताई?"

माझ्या हातात काय होतं? ना हाड जोडता येत होतं, ना तिला समजावता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा झोपेत असताना मी करदोड्याची पिशवी सोडली, मुठीत धरली आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत हळूहळू चालत जाऊन आलो. बाबा चालायचे तसा, मधे थांबत. घरात पाय ठेवतो तोच फोन वाजला.

"आज बाबा दुकानापर्यंत गेलते वाटते," ताई म्हणाली.

"हो, गेलते."

मग ती म्हणाली, "उद्या जरा चौकापर्यंत नेजो रे त्याईले."