बारा हिरवे पट्टे

खडवलीहून सकाळच्या पॅसेंजरने निघालो तेव्हा बोचकं वन्संच्या मांडीवर होतं. बोचक्यात खांद्यावरून तिरके घालायचे बारा हिरवे सॅटिनचे पट्टे होते.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. एकोणिसाव्या वर्षी त्यांचं कुंकू गेलं. तेव्हापासून अठरा वर्षं त्या माहेरीच, म्हणजे आमच्याकडे असतात आणि मशीनवर लोकांचे कपडे शिवतात. हे खडवली स्टेशनात तिकीटबाबू आहेत. कल्याणचा एक ड्रायव्हर मालगाडी थांबली की यांच्याशी गप्पा मारतो. त्याचे पणजोबा आयर्लंडहून घाटात रूळ टाकायला आले आणि इथलेच झाले. अशी बरीच घरं कल्याणच्या रेल्वे कॉलनीत आहेत. वर्षातून एकदा, शिमग्याच्या सुमारास, ते आपल्या संताच्या नावानं मिरवणूक काढतात. तिचे पट्टे ड्रायव्हरच्या आईनं वन्संकडे शिवायला दिले होते. निरोप स्पष्ट होता. साधे शिवा, वर काही नको.

आणि निघायच्या आधी बोचकं बांधताना मी पाहिलं, तर प्रत्येक पट्ट्याला एका कडेनं जरीचा काठ.

"वन्सं, हा काठ कुठला?"

"माझ्या हिरव्या शालूचा."

"लग्नातल्या?"

"दुसरा कुठला असणार गं? ट्रंकेत पडून होता. काठाशिवाय हिरवं कुणाला द्यायचं म्हणजे ओकंबोकं दिसतं. नऊवारीचे दोन्ही काठ बाराव्या पट्ट्याला बरोब्बर संपले बघ."

मी बोचक्याची गाठ मारली. पण त्या बाईंनी पट्टे नाकारले तर कामही जाणार आणि शालू तर गेलाच होता. यांची ड्यूटी होती. निघताना एवढंच म्हणाले, "तिथं तू बोल. ताई बोलणार नाही." अनोळखी माणसानं नाव विचारलं तरी मी दाराआड होते, हे यांना ठाऊक आहे.

कल्याणला उतरून टांगा केला. टांगेवाला मागे वळून म्हणाला, "कॉलनीत ना? चला. आज साहेबांची वरात आहे. बँड आहे, वऱ्हाड आहे, नवरदेव तेवढा नाही."

कॉलनी फार नेटकी. उतरत्या कौलांची घरं, चुन्यानं रंगवलेले दगड आणि प्रत्येक दारात आंबुटीच्या कुंड्या. आपल्याकडे आंबुटी वाटेवर उगवते, इथे तिला झारीनं पाणी घालत होते. मागून कळलं, त्यांच्या देशात शॅमरॉक (तीन पानांचा हिरवा पाला) असतो. तो या उन्हात जगत नाही, म्हणून ते तशाच तीन पानांची आंबुटी लावतात आणि मिरवणुकीत छातीला टाचतात. वन्सं हळूच म्हणाल्या, "तीन पानं. आपला बेलच की."

ड्रायव्हरची आई नोराबाई. साठी उलटलेली, उंच, उन्हानं रापलेली, अंगात गडद हिरवा झगा. जन्म कल्याणचा, त्यामुळे मराठी आपल्यासारखीच. त्यांनी बोचकं सोडलं, एक पट्टा उचलला आणि काठावरून अंगठा फिरवला. वन्सं पायाच्या अंगठ्याकडे बघत उभ्या.

"हे सोनं कोणी लावलं?"

"यांनी," मी म्हणाले. "यांच्या लग्नातल्या शालूचं आहे. साधे सांगितले होते, ते माहीत आहे. नको असेल तर उसवून देऊ."

माझा आवाज मलाच परका वाटला.

नोराबाई आत गेल्या आणि काठीला गुंडाळलेलं एक जुनं निशाण घेऊन आल्या. हिरव्या कापडावर एक तारांचं वाद्य रंगवलेलं, पण त्याचा सोनेरी रंग पापुद्रे होऊन उडालेला. "आमचा हिरवा सोन्यासोबतच शोभतो," त्या म्हणाल्या. "इथे जरीकाठ कोण लावून देणार, म्हणून साधे सांगितले." मग वन्संकडे वळल्या. "पण लग्नाचा शालू कापलास? नवरा काय म्हणाला?"

वन्संनी मान वर केली नाही. मीच सांगितलं, "ते नाहीत. अठरा वर्षं झाली."

"माझाही नाही. इंजिनावरच गेला."

मी त्यांच्या झग्याकडे बघतच राहिले. त्यांच्या ते लक्षात आलं. "काय बघतेस?"

"आमच्यात नवरा गेल्यावर हिरवं घालत नाहीत."

"हा रंग मला नवऱ्यानं कुठे दिला होता?" त्या म्हणाल्या. "आजोबांनी जहाजातून आणला. मग नवरा जाताना तो कसा नेईल?"

वन्संनी तेव्हा मान वर केली.

चहाबरोबर मनुका घातलेला जाड पाव दिला. अंडं नाही, ताक आणि सोडा, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मी खाल्ला, चवीला छान होता. वन्संनी केळं घेतलं.

उन्हं उतरल्यावर मिरवणूक निघाली. पुढे निशाण, मागे दोन ड्रायव्हर काखेत पिशवी दाबून वाजवायचं वाद्य घेऊन. आवाज सनईच्या थोरल्या भावासारखा. मग ढोलवाला, मग पट्टेवाले बाराजण, मग पणजोबांच्या तसबिरी उराशी धरलेल्या बायका. कुणी देवाला मागणं मागत नव्हतं. आम्ही कुठून आलो हे विसरलो नाही, एवढंच जणू सगळ्या गावाला सांगत होते. ते मला फार आवडलं. स्वराज्य आल्यावर यातली कितीतरी घरं परदेशी गेली म्हणे. राहिलेले जास्तच ताठ चालत होते.

रस्त्याकडेला वालाच्या शेंगा विकणारी एक म्हातारी म्हणाली, "बाय गो, पालखी न्हाय, देव न्हाय. मंग मिरवतान काय?"

"आजे-पणजे," मी म्हणाले. त्या दिवशी माझी जीभ सुटलीच होती.

"मंग बरां हाय," ती म्हणाली आणि हात जोडले.

चौकात तसबीरवाल्या बायकांसाठी थांबलेली रांग पुन्हा निघाली, तेवढ्यात पट्टेवाल्यांतल्या एका जाड बाईचा पट्टा खांद्यावर उसवला. ती एका हातानं धरून कशीबशी चालू लागली. माझ्या शेजारून वन्सं कधी गेल्या ते कळलंच नाही. पोलक्याला टोचलेली सुई काढून त्या थेट मिरवणुकीत शिरल्या आणि भर चौकात टाके घालू लागल्या. सगळी रांग खोळंबली. ढोलवाला जागच्या जागी वाजवत राहिला.

"तुमच्या बाईनं गाडी रोखली," नोराबाईंचा मुलगा हसत म्हणाला. "ब्रेकशिवाय मला कधी जमलं नाही."

वन्संनी दोरा दातानं तोडला. बाहेर येतील असं मला वाटलं होतं, पण आल्या नाहीत. मिरवणूक संपते त्या मैदानापर्यंत त्या फिकट लुगड्यात त्या हिरव्या लोकांमधून चालत गेल्या आणि मी कडेकडेनं.

परतीच्या गाडीत वन्सं खिडकीशी बसल्या. टिटवाळा गेल्यावर त्या एकदाच म्हणाल्या, "शालू चांगला दिसला, नाही?"

मी आजवर जत्रा पाहिल्या, पण परक्यांच्या मिरवणुकीत आपलं कापड चालताना पाहिलं ते पहिल्यांदाच.

आठ दिवसांनी काठ काढलेला शालू ट्रंकेतून बाहेर आला. दोन दिवस मशीन चालू होती. तिसऱ्या दिवशी वन्सं विहिरीवर निघाल्या, तेव्हा फिकट पदराखालून कोपराच्या वर चार बोटं हिरवं पोलकं दिसत होतं. शेजारच्या काकू बघतच राहिल्या. वन्संनी कळशी कमरेला घेतली आणि पदर सारखा न करता पुढे गेल्या.