डोलकाठीच्या तारा

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझे थोरले चुलते, आप्पा, नौदलातून निवृत्त होऊन निमोण्याला परतले होते. सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनखोलीत गेली. इंजिन नसलेल्या बोटीतून एकदा तरी घोड धरणाच्या पाण्यावर जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. गोठ्यामागे त्यांनी प्लायवूडची लहान शिडाची बोट स्वतः बांधली.

उतरवायच्या दिवशी काठावरच डोलकाठी उभी केली. तिला धरणाऱ्या तारा तीन, एक बोटीच्या नाकाकडे आणि दोन बाजूंना. प्रत्येकीच्या खालच्या टोकाला आवळायचा पेच. आप्पांनी पेच फिरवले आणि अंगठ्याने तार दाबून पाहिली. किंचित दबली. मग ते शीड आणायला घरी गेले.

माझे मामा काठावर बोटीपाशीच थांबले होते. ते द्राक्षबागायतदार. मांडवाच्या तारा ओढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनीही तार दाबली.

"ही काय तार हाय? वलणीची दोरी बरी. पयल्या वाऱ्यात काठी आडवी व्हईल."

पेचात टॉमीची सळई घालून त्यांनी तिन्ही तारा टणत्कार येईपर्यंत आवळल्या. पेच उलटा फिरू नये म्हणून खिळीही घातली. आप्पांनी परत आल्यावर खिळी पाहिली, तार पाहिली नाही.

बोटीत आप्पा, मामा आणि मी, असे तिघं होतो. शीड भरलं, बोट झुकली, आप्पा हसले. काठ बराच मागे पडल्यावर खाली लाकूड फुटल्याचा आवाज झाला. पहिल्यांदा दिसल्या त्या तारा. ताठ तारा एकाएकी लोंबत होत्या. मग पायाला पाणी लागलं. आवळलेल्या तारांनी खाली दाबलेलं डोलकाठीचं बूड बोटीचा तळ फोडून गेलं होतं.

मामांनी काठी उपसायला मिठी मारली.

"उपसू नका पाव्हणं! भोक तिनंच बुजवलंय. नुस्ती उभी धरा!"

आप्पांनी शीड उतरवलं. आप्पांनी आणि मी वल्ही मारली. मामांना पोहता येत नव्हतं. ते डोळे मिटून काठीला चिकटले होते आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, "तार न्हाई तुटली, आप्पा. एक बी न्हाई."

काठाजवळ धक्का बसला आणि बोट थांबली. काठीचं खालचं टोक गाळात रुतलं होतं. बोट धरणाच्या तळाला खिळली होती.

आप्पा छातीभर पाण्यात उतरले. भोकाकडे त्यांनी पाहिलंच नाही. बोटीभोवती फेरी मारून लोंबणारी एक तार अंगठ्याने दाबली.

"आता जरा जास्तच ढिली झाली," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही.

"सोडा आता, पाव्हणं."

मामांनी डोळे उघडले. हात मात्र सुटेनात. शेवटी आप्पांनीच बोटीत चढून त्यांचं एकेक बोट सोडवलं.