दर रविवारी नातेपुते

कमलाकर सरांची गाडी माझ्या गॅरेजात आली ती ट्रॅक्टरच्या मागं, दोरखंडानं बांधून. बघताच माझं डोकं फिरलं. ऑटोमॅटिक गाडी अशी ओढायची नसते. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सात तेल फिरत नाही, चाकं मात्र फिरत राहतात. मोहोळच्या अलीकडून सोलापूरपर्यंत ती आतल्या आत कोरडी घासत आली होती.

"लई हळू आणली की," ट्रॅक्टरवाला सिदू म्हणाला. "सर एकटंच उन्हात उभं हुतं. बघवंना."

चांगुलपणानंच घात केला होता. त्याला काय बोलणार? चहा पाजला आणि लावून दिला.

सर शुक्रवार पेठेत एकटेच राहतात. गणित शिकवून निवृत्त झालेले. पत्नी दुर्गाबाई गेल्या आणि वर्षाच्या आत सरांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात सुधारला, पाय राहिला. एसटीची पायरी चढवेना, क्लच दाबवेना. म्हणून ही बारा वर्षं वापरलेली परदेशी गाडी घेतली. हिला क्लचच नाही, सगळं काम उजव्या पायाचं. दर रविवारी ते नातेपुत्याला लेकीकडे, ज्ञानदाकडे जायचे, जेवायचे आणि परतायचे. आठवड्यात घरच्या माणसाशी बोलणं काय ते तेवढंच.

परवाच्या रविवारी परतताना गाडी बंद पडली, पण कुरकुरत ती आधीपासूनच होती. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्याला जाताना हिसका द्यायची, रिव्हर्स टाकला की बराच वेळ हलायचीच नाही. तेल बदला म्हणून मी दोनदा सांगितलं.

"विकणाऱ्यानं सांगितलंय, याचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही," सर म्हणाले. "पुस्तकातही तसंच छापलंय."

शिकलेल्या माणसाचा छापील अक्षरावर भारी विश्वास! कुणाच्या आयुष्यभर, हे त्यांनी विचारलं नाही.

गुरुवारी गिअरबॉक्स खोलला. तेल डांबरासारखं काळं, प्लेटा करपलेल्या. तो दुरुस्त करण्यापेक्षा दुसरी गाडी परवडली असती, आणि ती घेण्याची सरांची ऐपत नव्हती, हे मला ठाऊक होतं. सांगायला बाहेर आलो, तर सर बाकड्यावर बसून लेकीला फोन लावत होते. कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर.

"या रविवारी जमेलसं दिसत नाही गं. गाडी बंद पडलीय."

"बरंच झालं की बाबा," पलीकडून आवाज आला. "आता नकाच येऊ दर रविवारी. तुम्हाला दगदग, आणि आम्हालाही तेवढी एकच सुट्टी असते हो."

"हो, तेही खरंच," सर म्हणाले. त्यांनी फोन खिशात घातला. मग मी दिसलो.

"हिंदुराव, लेक खोळंबलीय. म्हणाली, गाडी लवकर दुरुस्त करून घ्या."

माझ्या हाताला त्या जळक्या तेलाचा वास येत होता. सांगायला आलो होतो ते गिळून टाकलं.

"करतो की सर," मी म्हणालो. "फक्त दोन-चार रविवार जातील."