शिडीसाठी माणगा
ओला बांबू चिरल्याचा वास आला की लकडगंजातल्या बांबूच्या वखारीतला पहिला दिवस आठवतो. सातवीत शाळा सोडलेली मी, कोकणातून कामाला आलेली. इथे जमलं नाही तर जायचं कुठे, हीच धास्ती. पण वखारीत आसामचे जाड, बालाघाटचे काटेरी, गडचिरोलीचे भरीव, इतक्या जातींचे बांबू पाहून मी थक्क झाले. मालकीण मावशी म्हणाल्या, "शिडीले कोणता घेशीन, सांग." टिचक्या मारत फिरले आणि एका बांबूला मिठीच मारली. आमच्या कोकणातला माणगा! "काहून वं, नातेवाईक भेटला का?" कारागीर हसले. मावशींनी तो वाकवून पाहिला. "लय दुरून आला, पण पक्का हाय. राहू द्या या दोघाइले." उंचावर चढायची मला अजूनही भीती वाटते, त्या माणग्याच्या केलेल्या शिडीवर मात्र नाही.