सासूबाईंची मराठी

माझ्या घरात माझ्याशी मराठीत बोलणारं शेवटचं माणूस नेपाळचं होतं, हे मी पुण्याच्या नातेवाइकांना सांगते तेव्हा त्यांना गंमत वाटते. मला वाटत नाही.

ती आली ती सासूबाईंना सांभाळायला. सासूबाई साताऱ्याहून दिल्लीत आल्या तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती, आणि हिंदी शिकायची नाही हे त्यांनी बहुधा गाडीतच ठरवून टाकलं होतं. आम्ही दोघं सरकारी नोकरीत. सकाळी डबे घेऊन बस पकडायची ते संध्याकाळीच परत. दिवसभर घरात त्या दोघी. तिने 'तकिया' आणून दिला तरी 'उशी' म्हटल्याशिवाय सासूबाई हात पुढे करायच्या नाहीत. वर्षभरात तिला मराठी बोलता यायला लागली, आणि पुढच्या वर्षी भांडताही. तिची मराठी म्हणजे थेट सासूबाईंची. दूधवाला मेला, नळ मेला, वीज तर जळ्ळी मेलीच. सासूबाईंचे भाचे यायचे त्यांचं ऐकून मला ती वहिनी म्हणायची.

सासूबाई गेल्या, ती घरकामाला येत राहिली. काही वर्षांनी हेही गेले. मुलगा गुडगावला असतो. त्याला मराठी समजते, पण बोलायला लागला की दुसऱ्या वाक्याला 'मम्मी, वो क्या कहते हैं' म्हणून अडतो. सून पंजाबी, स्वभावाने गोड, माझ्याशी हिंदीतच गोड बोलते. मराठी मंडळात मी नेमाने जाते. तिथे मराठी बोलतात ती गणपतीत, तीही माईकवर. स्टेजवरून उतरलं की 'अच्छा, चलो, मिलते हैं' सुरू. राहता राहिली ती. सकाळी येऊन चपला काढता काढता 'काय बाई ही थंडी' म्हणायची, तेव्हा कुठे माझा दिवस सुरू व्हायचा.

तिचा नवरा आमच्याच सोसायटीच्या गेटवर पहारेकरी होता. एका हिवाळ्याच्या शेवटी मेथी निवडता निवडता तिने मला सांगितलं, की गावचं घर बांधून झालंय, मुलाचं लग्न होऊन सूनही आलीय, नवऱ्याचे गुडघे गेलेत, तेव्हा होळी झाली की दोघं परत जाणार. कायमचे. मी म्हटलं, बरं झालं. ऑफिसात नको त्या बदलीची ऑर्डर हातात पडली तरी मी हेच म्हणत असे.

पण राग आला. इतका आला की मी तिच्याशी हिंदीत बोलायला लागले. 'सब्ज़ी काट दो', 'दरवाज़ा ठीक से बंद करना.' शिक्षा म्हणून. ती उत्तरं मराठीतच द्यायची. दोन-तीन दिवस तिने हे चालू दिलं आणि मग झाडू भिंतीला टेकवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"वहिनी, रागवायचं तर नीट रागवा. हिंदीत रागावलेलं मला लागत नाही."

मला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं. मी तिला सांगून टाकलं, की तू गेल्यावर मी बोलू कोणाशी, हेच मला कळत नाहीये. तिने माझी समजूत वगैरे काही घातली नाही. जरा वेळ शेजारी बसली, मग उठून म्हणाली की पाय वर घ्या, सोफ्याखालचं झाडायचं राहिलंय.

मुलगा म्हणाला, एजन्सीतून दुसरी बाई मिळेल. बिल्कुल मिळेल. मिळालीही. पोळ्या चांगल्या करते.

दोघं निघाले त्या दिवशी मी त्यांना सोडायला आनंद विहारच्या बसस्टँडवर गेले. नेपाळच्या सीमेवर बनबसाला जाणाऱ्या बसभोवती सगळी तिच्याच मुलखाची माणसं होती. कोणाचा कूलर, कोणाचं शिलाई मशीन, ब्लँकेटांची ही मोठाली गाठोडी. ती त्या गर्दीत शिरली आणि काहीतरी म्हणाली, तशा सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. ती पुन्हा काहीतरी म्हणाली, त्या पुन्हा हसल्या. मी बघत राहिले. माझ्याकडे ती टोमणे मारायची, आम्ही दोघी हसायचो, पण ते टोमणे सासूबाईंचे असायचे. हे विनोद तिचे स्वतःचे होते आणि मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. इतकी वर्षं ती माझ्या घरी परदेशात राहत होती, हे मला त्या बसस्टँडवर उभं राहून समजलं. आणि खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला.

बस हलली तेव्हा ती खिडकीतून ओरडली, की बीपीची गोळी विसरू नका. मराठीत ओरडली, त्यामुळे आता तिची माणसं तिच्याकडे बघायला लागली.

सुरुवातीला तिचा फोन दोन दिवसांआड यायचा. सुनेच्या कागाळ्या ती सुनेसमोर बसूनच करायची, तिथे कोणाला काय कळतंय. मेलीला भात धड शिजवता येत नाही, नुसती आरशासमोर उभी. मी हसून हसून बेजार व्हायची. मग तिकडे शेतीची कामं निघाली. फोन आठवड्याने यायला लागला, मग कधीतरी. तिच्या बोलण्यात आधी एखादा हिंदी शब्द यायचा, पुढे अख्खी वाक्यं यायला लागली. तिला शब्द सापडेना की मी हळूच तो पुढे करायची. 'हां, तेच,' ती म्हणायची आणि पुढे जायची. मला दिसत होतं काय चाललंय ते. मी दिसत नसल्यासारखं करत होते.

दिवाळीनंतर फोन आला तो सगळाच हिंदीत. नात झाली होती, आनंदात होती बिचारी. मी नातीचं कौतुक केलं, बाळंतिणीची चौकशी केली, आणि मग मला राहवलं नाही. म्हटलं, अगं, मराठीत बोल की.



"मुँह में आती नहीं अब, वहिनी. यहाँ किससे बोलूँ?"

मी तरी इथे कोणाशी बोलते, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"आप बोलिए ना," ती म्हणाली. "समझ में सब आता है. मैं सुन रही हूँ."

मागे बाळ रडत होतं, कोणीतरी तिला हाका मारत होतं, तरी ती फोन कानाला लावून थांबली होती. आणि मला काही म्हणता काही सुचेना. दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या बाईकडे सांगण्यासारखं असतं तरी काय? मी सांगितलं, की आज दुधी आणला होता, कडू निघाला, टाकून द्यावा लागला.

"फिर?"

मग मी बाल्कनीतल्या कबुतरांचं सांगितलं. लिफ्ट बंद पडल्याचं सांगितलं. तेही संपलं तेव्हा म्हटलं, की दुपारी शेजारच्या बाई आल्या होत्या, खूप वेळ बसल्या, खूप गप्पा झाल्या आमच्या. कोणी आलं नव्हतं. पण ती 'फिर?' म्हणत होती, आणि ती म्हणतेय तोवर मला फोन ठेवायचा नव्हता.