चिकटवलेला रोबो

“आता कसा पक्का झाला! या मॅडमच्या भरवशावर राह्यलो असतो, तं मलकापुरात नाक कापलं असतं आपलं.”

विज्ञानाचे सर शिपाईकाकांना सांगत होते. मी प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढत होते. आत गेले तर टेबलावर आमचा रोबो आणि शेजारी फेविक्विकच्या रिकाम्या ट्यूबा.

सरांनी रोबो चिकटवला होता. चाकं, मोटार, पुढचा पंजा, सगळा.

गेल्या आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष बघायला आले, तेव्हा चालता चालता त्याचं चाक निखळलं. मुलं हसली, चाक परत बसवलं आणि विसरून गेली. सर विसरले नव्हते. पण रोबोचं किट असतंच सुटं करायला. जोडा, चालवा, चुकलं की काढा, पुन्हा जोडा. चिखली तालुक्यातल्या या शाळेत मी कम्प्युटर शिकवायला आले आणि रोबोच्या स्पर्धेची टीम माझ्या गळ्यात पडली, तेव्हा मलाही यातलं काही येत नव्हतं. इंग्रजी शाळेत शिकलेली मी, मुलांसमोर एकेक मराठी वाक्य मनात जुळवून बोलायची. म्हणून नियम एकच ठेवला: रोबोला हात मुलांनी लावायचा, मी हात मागे बांधून उभी राहणार. किती वेळा हात शिवशिवले! तरी लावला नाही.

आणि यांनी एका दुपारी तो चिकटवून टाकला.

मुलं आली. परवा मलकापूरला स्पर्धा होती आणि रोबो अजून डावीकडे ओढत होता. आमची आठवीतली कॅप्टन खूप डोकं लावून त्याच्या कारणापर्यंत पोचली होती: एक चाक सांगाड्याला घासत होतं. तिने ते धरून ओढलं. मग नखं लावली.

“मॅडम, हे निघून नाही राह्यलं.”

“काऊन काढतं वं?” सर म्हणाले. “मी चिकटवलं ते. तू फक्त बटन दाबजो.”

“पण सर, तो डाव्या बाजूले जाते.”

“जाऊ दे जरासा. परीक्षकायले काय समजते? अन् तोडशील तं पाह्य.”

तिने चाक सोडलं नाही, पण ओढायची थांबली. माझे कान तापले होते. घशाशी एक वाक्य आलं, इंग्रजीत, माफी मागून सुरू होणारं. त्याचीच मला किळस आली. ते मी गिळलं.

सर हसले. “पाह्य, मॅडम तं काही म्हणून नाही राह्यल्या. तुलेच काऊन एवढी घाई?”

“म्हणते आहे ना,” मी म्हटलं. आवाज चिरकला. “हा रोबो मुलांचा आहे, सर. तुम्ही त्याला हात लावायचा नव्हता. तू ओढ गं. तुटलं तर तुटलं.”