माफकरा

आमच्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं आणि एक सतरंजी, आणि त्याचा चार्ज माझ्याकडं. मी मूळची कळंबची, नोकरी मुरुमला, आवाज खणखणीत. बाई रागावल्या की बाजारपेठेत कळतं, असं पोरं म्हणायची. "कानात बोळं घातल्यात का?" हे माझं रोजचं वाक्य, समोर कुणी का असंना.

त्या जूनमध्ये पाचवीत एक नवी मुलगी आली. वडिलांनी सीमेपलीकडून येऊन इथं किराणा दुकान टाकलेलं, घरात सगळं कन्नड. मराठी ती उन्हाळ्याच्या सुट्टीत पुस्तकांवरून शिकली होती. पहिल्याच दिवशी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मला तहान लागली आहे. पाणी कुठे मिळेल?"

वर्ग गडाबडा लोळला. "आगं, नाटकात काम करतीस व्हय?" आणि खोटं कशाला बोलू, हसू मलाही आवरलं नाही. पोरगी खाली बसली आणि तिनं तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलंच. हजेरीला नुसता हात वर. मला लई वाईट वाटलं, पण हसून झाल्यावर वाईट वाटून काय उपयोग!

मग एक दिवस तिचे वडील आले. "मॅडम, दिवाळीपर्यंत बघतो. शाळेत मराठी बोलायला लागली तर ठीक, नाहीतर दाखला द्या. आजीकडं ठेवतो, तिथल्या कन्नड शाळेत." ती मागं उभी राहून ओठ चावत होती. तिला जायचं नव्हतं. आमचं एक कपाट तिनं वाचून संपवलं होतं, दुसरं अजून बाकी होतं.

पोळा झाल्यावर माजी विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाला एक टॅब दिला. त्याला तोंडानं प्रश्न विचारायचा, मग तो उत्तर देणार, आणि आपल्या कपाटातलं कुठलं पुस्तक वाचावं तेही सांगणार. त्यासाठी पुस्तकांची यादी मी आठवडाभर डोळे फोडून त्यात भरली होती. पहिल्या दिवशी नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं, पोरांना सतरंजीवर बसवलं.

पहिल्या पोरानं विचारलं, "इच्चू चावल्यावर काय करायचं?"

टॅबनं जरा विचार केला आणि इच्छापत्र कसं करावं ते सांगायला लागला. तसं अगदीच चुकीचं न्हाय म्हणा! पण पोरगं घाबरलं. मी म्हटलं, सरका बाजूला, मी विचारते. "आता पाऊस कवा येणार?"

टॅबनं कवायतीचे प्रकार दाखवले.

"आरं कवा! कवा!"

"माफ करा, मला समजले नाही."

"कानात बोळं घातल्यात का?" मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या वर्गाचा पाढा थांबला. टॅब शांतपणे म्हणाला, "माफ करा, मला समजले नाही." पोरांनी तिथंच त्याचं नाव पाडलं, माफकरा.

मी तणतणत त्याला कपाटात कोंबणार, तेवढ्यात कोपऱ्यातून बारीक आवाज आला. "विंचू चावल्यास काय करावे?"

टॅब घडाघडा बोलला. ताबडतोब दवाखान्यात न्या म्हणाला, वर पुस्तकाचं नाव आणि कप्पा नंबरसुद्धा सांगितला. पोरं वळून बघायला लागली. पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली ती पोरगी लाललाल झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तिच्यापुढं रांग. "ए, माझं इचार की! माझं आदी!" ज्यांनी तिला नाटकवाली म्हटलं, तेच आता पेरू, चिंचा घेऊन उभे. ती आधी त्यांना विचारायची, "कवा म्हणजे काय?" मग "शेरडू म्हणजे काय?" मग शुद्ध करून टॅबला सांगायची. एकदोनदा मीही रांगेत उभी राहिले, कुणाला सांगू नका.

दिवाळीच्या सुट्टीआधी वडील आले, हातात दाखल्याचा अर्ज. घरात पोरगी कन्नडच बोलायची, त्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "अर्ज ऱ्हाऊ द्या, आधी चला माझ्यासंगं." ग्रंथालयात सगळा वर्ग जमला. मी तिला म्हटलं, "विचार गं काहीतरी."

ती टॅबपुढं वाकली. "माकणीचं धरण कवा बांधलंय?"

"माफ करा, मला समजले नाही."

"आरं कवा म्हणलं, कवा!" तिनं कमरेवर हात ठेवले. "कानात बोळं घातल्यात का?"

वर्ग पुन्हा गडाबडा लोळला. ह्या वेळेला तीही लोळली. मी हसत होते आणि पदरानं डोळे पुसत होते. वडील बिचारे गोंधळले. "चुकलं का मॅडम तिचं?"

"तिचं न्हाय हो," मी म्हटलं, "माफकराचं चुकलं."

त्यांनी एकदा टॅबकडं बघितलं, एकदा लेकीकडं. अर्जाची घडी घालून खिशात ठेवली आणि कन्नडमध्ये तिला म्हणाले, "होगोण बा." चल, जाऊ या.

तिनं मान वर केली नाही.

"तुमी जावा, अप्पा. ह्याला आदी मराठी शिकवायचीय."